करंझाळ्याच्या सदनिकेतील नवा एसी: निवड, बसवणी आणि सात महिन्यांचा अनुभव

गोव्यात पणजीजवळच्या करंझाळे येथील आमच्या सदनिकेत आईच्या खोलीसाठी २०१४ साली बसवलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आम्ही गेल्या ऑक्टोबरमध्ये काढून टाकला आणि त्या जागी त्याच क्षमतेचा नवा इन्व्हर्टर (गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारा) एसी बसवून घेतला. यंत्र, ते ज्या दुकानातून घेतले ते दुकान आणि बसवणीसाठी आलेली दोन वेगवेगळी पथके, या तिन्हींविषयी हे परीक्षण आहे. यंत्राच्या कंपनीचे नाव मी लिहिलेले नाही, कारण तेच यंत्र पहिल्या पथकाच्या हातून बसले असते तर मला निराळे परीक्षण लिहावे लागले असते, आणि त्याचा दोष किंवा श्रेय नावाकडे जाणे योग्य ठरले नसते.

आधी जुन्या एसीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण नव्याची निवड त्याच्या दुखण्यातूनच ठरली. शेवटच्या चार वर्षांत त्यात तीन वेळा गॅस भरावा लागला. दर वेळी निराळा माणूस येई, मीटर लावी, ‘गॅस संपला आहे’ असे सांगे, अडीच-तीन हजार रुपये घेई आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खोली पुन्हा कोमट होई. गेल्या मे महिन्यात ताळगावचे एक वयस्क मेकॅनिक आले. त्यांनी मीटर बाहेरही काढला नाही. साबणाचे पाणी मागून घेतले आणि आउटडोअर, म्हणजे बाहेरच्या, युनिटच्या मागच्या नळीच्या वळणांवर ब्रशने लावत म्हणाले, “गॅस सोंपना मॅडम, तो खंयतरी गळटा.” पाचव्या वळणावर बुडबुडे दिसले. एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीतून फिरत राहतो आणि नळी शाबूत असेल तर यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. दरवर्षी गॅस भरून घेण्यात आमचे जेवढे पैसे गेले, ते गळती शोधण्यासाठी एकदाच खर्च केले असते तर बरे झाले असते.

त्या मेकॅनिकनी मला आणखी एक गोष्ट हाताने दाखवली. बाहेरच्या युनिटाच्या कॉइलच्या (गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) ॲल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावताच त्यांची पांढुरकी भुकटी पडत होती. आमची इमारत समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि ते युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, थेट वाऱ्याच्या तोंडाशी टांगलेले होते. खाऱ्या हवेतील ओलावा तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पाती यांच्या सांध्यात साचला की तेथे विजेच्या घटासारखीच क्रिया सुरू होते आणि दोहोंपैकी ॲल्युमिनियम झिजत जाते. पात्या झिजल्या की उष्णता बाहेर टाकली जात नाही, गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर ताण येतो, वीजबिल वाढते आणि अखेरीस नळीही पिचते. मिरामार, दोनापावल, वास्को, कळंगुट अशा किनाऱ्यालगतच्या वस्तीत बाहेरचे युनिट आतल्या युनिटाच्या कितीतरी आधी निकामी होते ते यामुळेच. नवी कॉइल बसवून तोच एसी चालवावा का, याचाही आम्ही विचार केला. परंतु त्यातील गॅस आर-२२ होता. ओझोनच्या थराला अपाय करणारा हा गॅस १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. अकरा वर्षांच्या यंत्रात त्याच्यासाठी नवी कॉइल घालणे आम्हाला पटले नाही.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर काम करवून घेणे शक्य नव्हते, त्यामुळे जून ते सप्टेंबर आईची खोली एसीविना राहिली. त्या चार महिन्यांत कपाटातील चामड्याच्या पर्सवर, तिच्या पोथ्यांच्या बांधणीवर आणि पलंगामागच्या भिंतीवर बुरशी चढली. आईचे वय ७८ आहे आणि तिला फार गार हवा सोसत नाही. ती वारंवार एकच सांगत होती की तिला थंडी नको, कोरडेपणा हवा आहे. गोव्यात एसी घेणाऱ्याने हेच वाक्य मनात धरून दुकानात जावे असे मला वाटते. येथे पारा क्वचितच ३८ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे ‘बाहेर ५२ अंश असतानाही गारवा’ ही जाहिरात विदर्भातल्या किंवा राजस्थानातल्या माणसासाठी महत्त्वाची असली तरी आपल्या उपयोगाची नाही. आपला त्रास निराळा आहे. जुलैमध्ये तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे जरा थंड असलेल्या कोणत्याही भिंतीवर पाणी धरू लागते. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी पहिले आधुनिक वातानुकूलन यंत्र आखले, तेही दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई हलत होती म्हणून. ओलावा काढणे हे या यंत्राचे मूळ काम आहे आणि गोव्यात त्याला तेच करायचे आहे.

क्षमतेचा निर्णय याच मुद्द्यावर ठरला. खोली ११ फूट बाय १३ फूट, म्हणजे १४३ चौरस फुटांची आहे. वर आणखी एक मजला असल्याने गच्चीचा ताप नाही, मात्र पश्चिमेची भिंत दुपारी तापते. पहिल्या दुकानात आम्हाला ‘गोव्याच्या उकाड्याला दोन टनच लागतो’ असे ठामपणे सांगण्यात आले. हा सल्ला चुकीचा होता. खोलीच्या मानाने मोठा एसी दहा मिनिटांत तापमान खाली आणतो आणि कॉम्प्रेसर थांबवतो किंवा अगदी मंद करतो. कॉइल पुरेशी थंड राहिली नाही की हवेतील पाणी तिच्यावर धरत नाही आणि धरलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीत येते. परिणामी खोली गार पण ओलसर राहते, अंथरूण दमट लागते आणि माणूस तापमान आणखी खाली नेतो. योग्य मापाचा एसी बराच वेळ संथपणे चालत राहतो आणि तेवढा वेळ पाणी काढत राहतो. त्यामुळे आम्ही दीड टनावर ठाम राहिलो.

येथे टनाविषयीही थोडे सांगते. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचे एक माप), अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. त्या हिशेबाने दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॉटच्या जवळपास व्हायला हवे. पण दुकानात ‘दीड टन’ म्हणून मांडलेल्या यंत्रांच्या लेबलवर ४.७ पासून ५.२ किलोवॉटपर्यंतचे आकडे मी स्वतः वाचले. टनाच्या चिठ्ठीपेक्षा लेबलवरचा किलोवॉटचा आकडा पाहावा, कारण शंभर रुपये स्वस्त वाटणारे यंत्र कित्येकदा तेवढेच लहानही असते. आमच्या यंत्रावर ५ किलोवॉट लिहिलेले आहे आणि खोलीच्या मानाने ते पुरेसे ठरले.

वीजबचत दाखवणाऱ्या ताऱ्यांचा हिशेब आम्ही घरी बसून मांडला. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवरील वार्षिक युनिटांचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आमचा वापर त्याहून अधिक आहे: वर्षातील सुमारे २४० रात्री आठ-आठ तास आणि दीडशे दुपारी तीन-तीन तास, म्हणजे जवळपास २,३७० तास. आम्ही तुलना केलेल्या तीन तारे आणि पाच तारे असलेल्या यंत्रांत लेबलनुसार २२० युनिटांचा फरक होता. आमच्या वापराला तो सव्वातीनशे युनिटांच्या आसपास जातो. बिलातील वरच्या टप्प्यात आम्हाला एक युनिट साधारण पाच रुपयांना पडते, म्हणजे वर्षाला सोळाशे रुपये वाचतात. दोन यंत्रांच्या किमतीत साडेसात हजारांचा फरक होता, तो पाच वर्षांच्या आत भरून निघतो. लेबलची चाचणी ज्या तापमानांवर आधारलेली असते ती गोव्याच्या हवेशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य आहे. तरीही तो दिशा दाखवतो. गोव्यात वीज महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त असल्यामुळे जे केवळ एप्रिल-मेमध्ये रात्री एसी लावतात, त्यांना तीन ताऱ्यांचे यंत्र अधिक शहाणपणाचे ठरेल. वाचलेले पैसे त्यांनी बसवणीवर खर्च करावेत. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत असल्याने लेबलवर छापलेला कालावधीही अवश्य वाचावा.

गॅस, कॉइल आणि वॉरंटी यांपैकी गॅसच्या बाबतीत फारसा पर्याय उरलेला नाही. बाजारातील बहुतेक यंत्रे आर-३२ वर चालतात. ओझोनला तो निरुपद्रवी आहे आणि पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता आर-४१०ए या दुसऱ्या गॅसच्या साधारण एक तृतीयांश आहे. तो सौम्य ज्वलनशील असल्यामुळे मात्र तो हाताळणारा माणूस शिकलेला असावा लागतो. कॉइल तांब्याचीच घ्यावी आणि तिच्या पात्यांवर संरक्षक लेप असावा. हा लेप निळा असतो किंवा सोनेरी, आणि रंगापेक्षा तो आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कॉइलवर आहे का हे विचारणे महत्त्वाचे आहे. आम्ही पाहिलेल्या एका यंत्रात तो फक्त आतल्या कॉइलवर होता, म्हणजे समुद्राचा वारा जिला लागतो ती कॉइल उघडीच होती. दुसऱ्या एका कंपनीच्या वॉरंटीपत्रात खाऱ्या हवेने होणारे गंजणे स्पष्टपणे वगळलेले आढळले. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण किनाऱ्यावर आधी कॉइल जाते. कॉइलवर पाच वर्षांची हमी देणारे आणि किनारपट्टीला न वगळणारे यंत्र शोधण्यात आमचे तीन दिवस गेले, आणि ते दिवस योग्य कारणी लागले असे मी मानते. मोबाइलवरून एसी सुरू करण्याची सोय आमच्या यंत्रात आहे. आईने ती एकदाही वापरलेली नाही.

यंत्र आम्ही पणजीत अठरा जून रस्त्याजवळच्या एका दुकानातून घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे चतुर्थीच्या आधी ४८ हजारांच्या आसपास सांगितलेले यंत्र ऑक्टोबरमध्ये आम्हाला ४४,५०० रुपयांना मिळाले. दुकानदाराने कर कमी झाल्याचा सगळा फायदा आम्हाला दिला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्याने साडेतीन हजारांचा स्टॅबिलायझर घेण्याचा आग्रह धरला, तो मात्र आम्ही मानला नाही. इन्व्हर्टर एसी १४५ ते २८५ व्होल्टपर्यंत चालतो असे यंत्रावरच लिहिलेले होते आणि आमच्या इमारतीत आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजल्यावर विजेचा दाब २०५ व्होल्टच्या खाली कधी गेला नव्हता. ज्यांच्या गावी संध्याकाळी दिवे मंदावतात त्यांचा प्रश्न निराळा. आपल्याकडे सर्किट बोर्ड अधिक वेळा निकामी होतो तो मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या कडकडाटाने, आणि त्यापासून साधा स्टॅबिलायझर पुरेसे संरक्षण देत नाही. त्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून मुख्य पेटीत विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, एसीसाठी स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारे बटण) आणि चार चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर घालून घेतली, अर्थिंगही तपासले. जुनी वायर अडीचची होती आणि तिचे टोक सॉकेटपाशी काळे पडलेले निघाले.

आता बसवणीकडे येते, कारण माझ्या मते या सगळ्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचे तीन तास तेच होते.

शनिवारी, ११ ऑक्टोबरला सकाळी पहिले पथक आले. दिवाळी तोंडावर असल्यामुळे त्यांना त्या दिवशी आणखी चार घरे करायची होती. दोघेही तरुण होते आणि वागायला अदबशीर होते. त्यांनी जुनी तांब्याची पाइपच वापरू असे सुचवले, म्हणजे आमचे पैसे वाचतील. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी धोक्याचा होता. आर-२२ च्या यंत्रात खनिज तेल असते आणि आर-३२ ला निराळे कृत्रिम तेल लागते; जुन्या तेलाचा थर नळीत राहिला तर तो नव्या यंत्रात फिरतो. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो आणि आमच्या पाइपचे सांधे अकरा वर्षांचे होते. त्यांनी जुन्या युनिटातील उरलेला गॅस हवेत सोडून देण्याची तयारी केली, तीही मी थांबवली. शेवटी त्यांच्याजवळ व्हॅक्यूम पंप आहे का असे विचारले. तो नव्हता. ‘थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा ढकलून बाहेर काढतो, सगळीकडे असेच करतो,’ असे उत्तर मिळाले.

ही गोष्ट सविस्तर समजून घेण्यासारखी आहे. बाहेरच्या युनिटात गॅस कारखान्यातूनच भरून येतो, पण दोन युनिटांना जोडणारी पाइप घरी कापली व जोडली जाते, आणि तोवर तिच्यात आपल्याच घराची हवा असते. गोव्याच्या हवेत पाणी भरपूर असते. ही हवा आत राहिली तर दाब वाढून गारवा घटतो, आणि पाणी राहिले तर ते नव्या यंत्रातील तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करते, जे कॉम्प्रेसरच्या मोटरीची वेटोळी आतून खात राहते. हे नुकसान पहिल्या वर्षी दिसत नाही. एक वर्षाची सर्वसमावेशक हमी संपल्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते दिसते आणि त्या वेळी त्याचा संबंध बसवणीच्या दिवसाशी कोणी जोडत नाही. गॅस सोडून हवा ढकलली जाते, पण नळीच्या आतल्या बाजूला चिकटलेले पाणी जात नाही. पंपाने नळीतील दाब पुरेसा खाली नेला की हेच पाणी घरच्या तापमानालाही उकळून वाफ होते आणि बाहेर खेचले जाते. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. नळीत तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ५०० मायक्रॉनपर्यंत, उतरायला हवा. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतही व्हॅक्यूम पंप वापरावा असे छापलेले होते. मी ते पान त्या मुलांना दाखवले आणि काम थांबवण्याची विनंती केली. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण मला दिसले नाही. दिवसाला पाच घरांचा हिशेब ज्यांनी लावला, त्यांनीच त्या पिशवीत पंप ठेवला नव्हता.

दुकानदाराला फोन केल्यावर त्याने वाद घातला नाही आणि तीन दिवसांनी, मंगळवारी, दुसरे पथक पाठवले. त्यातील मुख्य कारागीर फोंड्याचे होते आणि त्यांनी सामान उघडण्याआधी पंधरा मिनिटे केवळ जागा पाहिली. बाहेरचे युनिट जुन्याच ठिकाणी टांगावे असे माझ्या मनात होते. त्यांनी विरोध केला आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. पश्चिमेचा वारा थेट कॉइलवर येतो हे एक कारण होते. दुसरे असे की तेथे पोचण्यासाठी दर सर्व्हिसला माणसाला दुसऱ्या मजल्यावर दोरीला लटकावे लागते. आम्ही अकरा वर्षे ते करवून घेत आलो होतो आणि त्याचा विचार कधी केला नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांनी स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या बाल्कनीची, पूर्वेकडची जागा सुचवली. पाइप तीन मीटरऐवजी साडेसहा मीटर लागली, पण यंत्रात साडेसात मीटरपर्यंत पुरेल इतका गॅस भरलेला असल्यामुळे वरून भरावा लागला नाही. वळणे कमी ठेवली आणि युनिटासमोर गरम हवा मोकळी जाईल अशी जागा सोडली. आता ते युनिट बाल्कनीत उभे राहून पाण्याने धुता येते.

आणखी एक अडचण गोव्याच्या बांधकामाची आहे आणि तिच्याविषयी कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. आमच्या इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा असला तरी मधल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आहेत. चिरा सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. त्यात नेहमीचा फास्टनर आवळला की तो सुरुवातीला घट्ट वाटतो, पण युनिटाच्या कंपनाने भोवतालचा दगड हळूहळू झडतो. पहिल्या पथकाने त्याच भिंतीवर ब्रॅकेट आखून ठेवले होते. या कारागिरांनी भिंत ठोकून पाहिली, काँक्रीटची तुळई कुठून जाते ते शोधले आणि ब्रॅकेट तिच्यात बसवले. ब्रॅकेटही रंगवलेल्या लोखंडाऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. त्याला १,४०० रुपये पडले. आतल्या बाजूला पाइपसाठी भोक पाडताना त्यांनी हातोडा वापरला नाही. कोअर कटरने (गोल भोक कापणाऱ्या यंत्राने), बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन भोक पाडले, जेणेकरून पावसाचे पाणी आत येणार नाही आणि ड्रेनचे पाणी आपोआप बाहेर जाईल. चिऱ्याच्या भिंतीत हातोड्याने पाडलेले भोक दुप्पट मोठे होते आणि पुढे तेथूनच भिंत ओल धरते, हे आमच्या जुन्या भोकाने आम्हाला दाखवले होते. ते त्यांनी बुजवून दिले.

पाइप जोडून झाल्यावर पंप पस्तीस मिनिटे चालला. मीटरवरचा आकडा ४२० मायक्रॉनवर आला, तेव्हा पंप बंद करून दहा मिनिटे थांबले. आकडा ४६० पर्यंत चढून तेथेच स्थिर राहिला, म्हणजे कुठे गळती नव्हती. त्यानंतरच त्यांनी युनिटचे व्हॉल्व्ह उघडले आणि प्रत्येक नटावर साबणाचे पाणी लावून दाखवले. नायट्रोजन भरून गळती तपासणारी दाबाची चाचणी त्यांच्याकडे झाली नाही, कारण सिलिंडर सोबत नव्हता. ती झाली असती तर मी या कामाला काहीच उणे म्हटले नसते. जुन्या युनिटातील गॅस मात्र त्यांनी कॉम्प्रेसर चालवून त्याच्याच पोटात गोळा केला आणि व्हॉल्व्ह बंद केले.

बसवणीचा एकूण खर्च ६,६५० रुपये झाला. त्यात कंपनीचा ठरलेला दर १,५००, जादा साडेतीन मीटर पाइपचे ३,१५०, ब्रॅकेटचे १,४०० आणि भोक पाडण्याचे ६०० रुपये होते. इलेक्ट्रिशियनचे २,८०० रुपये वेगळे. जुन्या यंत्राचे दुकानदाराने ३,००० रुपये वजा केले. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत एसीचाही समावेश असल्यामुळे जुने यंत्र अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल याची पावती मी मागितली, पण मला साध्या कागदावर ‘जुना एसी मिळाला’ एवढेच लिहून मिळाले. एरवी प्रामाणिक असलेल्या या दुकानाबद्दल माझी ही खरी तक्रार आहे. गोळा केलेल्या त्या गॅसचे पुढे काय झाले हे मला सांगता येत नाही, आणि ते मला बोचते.

सात महिन्यांचा अनुभव चांगला आहे. आम्ही सहाशे रुपयांचे एक आर्द्रता मोजणारे घड्याळ खोलीत लावले आहे. यंत्र २६ अंशांवर आणि पंखा मंद ठेवला तर अर्ध्या तासात आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर येते आणि पहाटेपर्यंत तेथेच राहते. आईने एकदाही गोधडी मागितलेली नाही. ‘ड्राय’ मोड मार्चपर्यंत रोज वापरला. मेच्या दमट रात्री तो अपुरा पडतो आणि साधा कूल मोड अधिक आर्द्रता काढतो, असे आमचे निरीक्षण आहे. यंत्राचा एक दोष सांगायला हवा: खोली थंड झाल्यावर कॉम्प्रेसर फार मंद होतो आणि पहाटे चारच्या सुमारास आर्द्रता पुन्हा ६५ पर्यंत चढते. तापमान एक अंशाने खाली घेतले की ती उतरते, पण यंत्राने हे आपण होऊन करायला हवे होते. आवाज जवळपास नाही. एप्रिलचे बिल गेल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ९६ युनिटांनी कमी आले, आणि यंदा दुपारचा वापर वाढलेला असूनही.

आतली जाळी आम्ही दर पंधरा दिवसांनी धुतो. बाहेरचे युनिट महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, नळीचा जोर न लावता, वरून खाली भिजवतो, म्हणजे साचलेले मीठ वाहून जाते. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात. पावसाआधीची पहिली सर्व्हिस मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. फोंड्याचे तेच कारागीर आले होते. बसवणीच्या दिवशी आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात त्यांनी १२ अंशांचा फरक मोजून कार्डावर लिहिला होता. या वेळीही तो १२ च भरला. त्यांनी दोन्ही टोकांच्या नटांवर साबणाचे पाणी लावले आणि आम्ही दोघांनी वाकून पाच मिनिटे वाट पाहिली. एकही बुडबुडा आला नाही.